विश्लेषण : फोन बूथमधून बारमध्ये प्रवेश… पण बाहेर पडायचे कुठून?

न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात सेंट मार्क्स प्लेस या रस्त्यावर हॉट डॉगचे एक साधे दुकान आहे. दुकानात जुन्या पद्धतीचे लाकडी फोन बूथ आहे. त्यात शिरून रिसीव्हर उचलायचा, पलीकडच्या व्यक्तीला नाव सांगायचे. जागा असेल तर बूथची मागची भिंत दारासारखी उघडते आणि आपण मंद उजेडाच्या, भिंतींवर पेंढा भरलेले प्राणी टांगलेल्या एका छोट्या बारमध्ये पोहोचतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या या बारचे नावच ‘प्लीज डोन्ट टेल’, म्हणजे ‘कृपया कुणाला सांगू नका’. अर्थात, ते जगभर सगळ्यांना ठाऊक आहे. अशा ‘गुप्त’ बारचे लोण आता भारतातही आले आहे. दिल्लीत वसंत विहारमध्ये फोन बूथ आणि पासकोडची हीच युक्ती वापरणारा बार एका तपापूर्वीच सुरू झाला.

‘स्पीकइझी’ म्हणजे काय?

या बारना ‘स्पीकइझी’ म्हणतात. मतलब इतकाच की, हळू बोला, बाहेर ऐकू जाईल. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० रोजी देशव्यापी दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी ती उठली. या जवळपास १४ वर्षांत एकट्या न्यूयॉर्कमध्ये सुमारे ३० हजार चोरटे अड्डे होते, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. त्यांतला ‘ट्वेंटीवन’ हा श्रीमंतांचा अड्डा. तिथे तळघरातल्या भिंतीचा सुमारे अडीच टनांचा एक भाग हाच दरवाजा होता. एका बारीक फटीत तार सरकवली की तो उघडे आणि शेजारच्या इमारतीखाली दडवलेला मद्यसाठा दिसे. धाड पडली की बारवरच्या बाटल्या कळ दाबून खाली पाडून फोडण्याची सोयही होती.

इतका खटाटोप अर्थातच मौजेसाठी नव्हता. पकडले गेले तर तुरुंग होता.

अंधार आणि मृत्यूच्या थीमचे मूळ कशात?

ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवरच्या बारचे नाव ‘डेथ अँड कंपनी’. दर्शनी भाग गडद लाकडाचा, आत मेणबत्तीइतका उजेड. दारू पिणे म्हणजे मृत्यूशी भागीदारी, असा प्रचार दारूबंदीचे समर्थक करत. हे नाव त्याच कल्पनेवरचा विनोद आहे.

पण १९२० च्या दशकात तो विनोद नव्हता. औद्योगिक अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून सरकारच्या आदेशाने त्यात मिथाइल अल्कोहोलसारखी विषारी द्रव्ये मिसळली जात. चोरटे व्यापारी तेच अल्कोहोल पळवून, अर्धवट शुद्ध करून विकत. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण दाखल होऊ लागले. अनेकांचा मृत्यू झाला. शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी या मृत्यूंची नैतिक जबाबदारी सरकारवर टाकली. मालवणीत २०१५ मध्ये गावठी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले, त्यामागेही मिथाइल अल्कोहोलच होते. आज ज्या काळाची आठवण म्हणून महागडे कॉकटेल विकले जाते, त्या काळातल्या गरिबाच्या पेल्यात हे होते.

मग आज लपायचे कारण काय?

कारण बदलले. १९९९ च्या ३१ डिसेंबरला सॅशा पेट्रास्के यांनी लोअर ईस्ट साइडमध्ये ‘मिल्क अँड हनी’ सुरू केला, तेव्हा पाटी न लावण्यामागे मुख्य हेतू होता शेजाऱ्यांना त्रास होऊ नये हा. दारात गर्दी नको, आत आरडाओरडा नको, बायकांना अनोळखी पुरुषांनी त्रास द्यायचा नाही, असे नियमच होते. कल्पना त्यांना सुचली ती त्याआधीच्या ‘एंजल्स शेअर’वरून. जपानी उपाहारगृहातल्या एका साध्या दारामागचा हा बार. तिथे उभे राहून पिता येत नसे, मोठ्या घोळक्यालाही प्रवेश नसे. म्हणजे या नव्या लाटेची सुरुवात शांततेसाठी झाली. समाजमाध्यमे आल्यावर मात्र लपलेला दरवाजा हीच जाहिरात झाली. नॉरफोक स्ट्रीटवरच्या ‘द बॅक रूम’मध्ये खेळण्यांच्या कंपनीची पाटी असलेल्या फाटकातून जावे लागते आणि आत कॉकटेल चहाच्या कपात मिळते.

यात धोका कोणता?

लपलेला प्रवेश ही गंमत आहे. लपलेला निकास ही गंमत नाही. हे अमेरिकेला शिकवले ते बॉस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ने. दारूबंदीच्या काळात हा क्लब एका गुंडाच्या मालकीचा स्पीकइझी होता. नंतर तो अधिकृत झाला, पण सवयी जुन्याच राहिल्या. बिल न देता कुणी सटकू नये म्हणून दारे बंद ठेवलेली, काही दारे सजावटीमागे झाकलेली. तळघरात ‘मेलडी लाउंज’ होते. कृत्रिम ताडाची झाडे, छताला कापड, आणि मुद्दाम राखलेला अंधार.

२८ नोव्हेंबर १९४२, शनिवारची रात्र. ४६० माणसांच्या जागेत सुमारे एक हजार माणसे होती. तळघरात एका ग्राहकाने आणखी अंधार हवा म्हणून बल्ब काढला. तो परत बसवायला १६ वर्षांच्या पोऱ्याने काडी पेटवली. त्यानंतर लगेच झाडाला आग लागलेली दिसली. मात्र काडीनेच आग लागली, असा निष्कर्ष अधिकृत चौकशीने काढला नाही. कारण ‘अज्ञात’ असेच नोंदवले. काही मिनिटांत ज्वाळा वरच्या मजल्यावर पोहोचल्या. मुख्य प्रवेशाला फिरता दरवाजा होता. दोन्ही बाजूंनी रेटा आला आणि तो अडकला. ४९२ माणसे मेली. फिरत्या दाराच्या शेजारी बाहेर उघडणारी साधी दारे हवीत, निकासाच्या पाट्या वीज गेल्यावरही दिसायला हव्यात, सजावट सहज पेटणारी नको, या नियमांना त्यानंतर जोर आला.

तरीही १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ‘हॅपी लँड’ या बेकायदा क्लबमध्ये लावलेल्या आगीत ८७ जण गेले. तो रिकामा करण्याचा आदेश आधीच निघालेला होता. आज या शहरात बंदिस्त जागेत ७५ किंवा अधिक माणसे जमत असतील तर वेगळे प्रमाणपत्र लागते. गुप्त बार बहुधा त्याहून लहान असतात, म्हणून तिथे ग्राहकानेच डोळे उघडे ठेवलेले बरे.

आपल्याकडे काय स्थिती?

मुंबईला हे सारे नवे नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ‘आँटीचे अड्डे’ हेच आपले स्पीकइझी होते. पुढे परवान्यावर दारू मिळू लागली आणि ‘परमिट रूम’ची पाटी आली, काळ्या काचा आणि मिणमिणत्या दिव्यांसह. त्या अंधाराचे मात्र कुणी वेगळे पैसे घेतले नाहीत; तो ओळखीच्या माणसाने पाहू नये यासाठी होता.

आगीचा इतिहासही आपला आहेच. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. बहुतेक जण गुदमरून गेले, अनेक जण स्वच्छतागृहात आश्रयाला गेलेले होते. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जण दगावले. त्यांत बहुतांश तिथे काम करणारे होते.

जायचेच असेल तर?

न्यूयॉर्कमध्ये मद्यपानाचे किमान वय २१ आहे, त्यामुळे पासपोर्ट जवळ हवा. आधी आरक्षण करावे, चारपेक्षा जास्त जण नेऊ नयेत. एका कॉकटेलला साधारण २० डॉलर आणि वर सुमारे २० टक्के टिप धरावी. बसल्यावर मेन्यूआधी ‘एक्झिट’ची पेटलेली पाटी शोधावी. दिसली नाही तर वेटरला दुसरे दार कुठे आहे ते विचारावे. चांगल्या बारमध्ये तो लगेच हाताने दाखवतो.