फुटवा

माझी पाचवीपासून बारावीपर्यंतची वह्या-पुस्तके आईने मोळ्या विकून आणली आहेत. तेव्हा जंगल राखण्याविषयी लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे वाचकांनी विचारण्याआधी मीच स्वतःला विचारले आहे. तरीही लिहितो; कारण धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या ज्या पश्चिम भागातून मी या महाविद्यालयात आलो, त्याच भागात बारीपाडा हे लहानसे आदिवासी गाव आहे, आणि तिथल्या लोकांनी गेलेले जंगल परत आणले आहे.

१९९० च्या सुमारास बारीपाड्याची स्थिती आमच्या गावाहून फारशी निराळी नव्हती. डोंगर बोडके, उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण, आणि पोटासाठी गाव सोडणे ठरलेले. गावातले शिकलेले तरुण श्री. चैत्राम पवार शहर न धरता तिथेच राहिले. त्यांच्या पुढाकाराने गावाने सुमारे ४०० हेक्टर जंगल राखायला घेतले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. (आमच्या घरी मात्र शिकलेल्या मुलाने गावी परतणे म्हणजे नापास होणेच!)

जंगल उभे करायचे म्हणजे झाडे लावायची, असा आपला समज असतो. आमच्या गावीही रोपे लावली जातात. जुलैत लावलेले रोप एप्रिलपर्यंत वाळते. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवे रोप आणि नवा फोटो. बारीपाड्यात आधी केली ती कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. यामागचे शास्त्र साधे आहे. साग, सादडा, धावडा ही आपल्याकडची झाडे तोडली तरी मरत नाहीत. खाली मुळे जिवंत असतात, आणि पावसाळ्यात बुंध्याला फुटवे येतात. पण ते हातभर वाढतात न वाढतात तोच गुरे खातात, नाहीतर कोणीतरी सरपणाला नेते. बोडका दिसणारा डोंगर पुष्कळदा मेलेला नसतो, त्याला वाढू दिलेले नसते. ही मुळे खोल गेलेली असल्यामुळे फुटव्याला रोपासारखे पाणी घालावे लागत नाही. त्याला काही वर्षांची सवड लागते. पुढे पालापाचोळा साठतो, माती धरली जाते, पावसाचे पाणी वाहून न जाता मुरते आणि विहिरीत उतरते. शेवळ, करटोली परत येतात. बारीपाड्यात तर रानभाज्यांची पाककला स्पर्धाच भरते.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने आईला सांगितले. तिने एवढेच विचारले, "मग चूल कशावर पेटवायची?"

मला उत्तर देता आले नाही. घरी गॅसची शेगडी आहे, पण सिलिंडर भरून आणणे दरवेळी परवडत नाही. बंदीचा पहिला भार मोळी विकणारीवर पडतो, शेतीवाल्यावर नाही. म्हणून असा नियम बाहेरून आला की तो रात्री मोडतो. बारीपाड्यात नियम गावाने केले, राखण गावाने केली, दंडही गावानेच घेतला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. परंतु बारीपाड्याचे काम त्याच्या कितीतरी आधीचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या ग्रामसभेत बोललो. सगळा डोंगर नको, शाळेमागचा एक उतार तीन वर्षे सोडून देऊ, आणि वाळलेले लाकूड आधी मोळीवाल्या बायांना देऊ, असे सुचविले. एक वडीलधारे म्हणाले, "पोरा, तू तर धुळ्याला राहतोस." ते खरेच होते. ठराव झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर त्याच उताराला गेलो. सादड्याच्या एका बुंध्याला पाच फुटवे आले होते. तिने विळ्याने चार काढून मोळीत घातले आणि सर्वांत सरळ तो ठेवला. एकच ठेवला तर जोमाने वाढतो, म्हणाली. हे तिला कोणी शिकविले, ते मी विचारले नाही. मग तिने काटेरी फांद्या आणून त्याच्याभोवती टाकल्या, गुरे येऊ नयेत म्हणून.