शहराचा हिशेब कोणी मागायचा?

नळाला पाणी आले नाही, रस्त्याला खड्डा पडला, गटार तुंबले, की आपण सारे एका वाक्यात मोकळे होतो : ‘म्युनिसिपालिटीचा कारभार हा असाच!’ पण म्युनिसिपालिटी म्हणजे नेमके कोण? मुंबईचेच उदाहरण घ्या. नगरसेवकाला विचारावे, तर तो म्हणतो, ‘अंमलबजावणी आयुक्तांकडे आहे.’ आयुक्तांच्या कचेरीत जावे, तर उत्तर येते, ‘सभागृहाची मंजुरी नाही.’ गंमत अशी, की दोघेही अगदीच खोटे बोलत नसतात. मुंबईच्या कारभाराची घडीच तशी बसवलेली आहे. ती का बसवली हे कळल्याशिवाय जाब कोणाला विचारायचा तेही कळायचे नाही.

त्यासाठी १८६५ सालापर्यंत मागे जायला हवे. त्या साली नवा कायदा झाला आणि शहराचा कारभार सरकारनियुक्त कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती आला. त्यांच्यावर देखरेख होती ती ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणवणाऱ्या प्रतिष्ठितांची. पण त्यांची नेमणूकही सरकारनेच केलेली. क्रॉफर्डसाहेब मोठे उरकाचे गृहस्थ. त्यांनी रस्ते सुधारले, घाण हलवली, मोठी मंडई उभारली. आज त्या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे, तरी लोकांच्या तोंडी अजून क्रॉफर्ड मार्केटच! परंतु खर्चाला धरबंध राहिला नाही. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, शेअरबाजार बुडाला होता, आणि अशा पडत्या काळात पालिकेच्या तिजोरीला ओढ लागली.

कर भरणारे खवळले. नौरोजी फर्दुनजी यांच्यासारखे पुढारी पुढे आले, सभा झाल्या, आणि १८७१ मध्ये प्रकरण अगदी शिगेला पोचले. सारा रोख क्रॉफर्ड यांच्यावर. अशा वेळी फिरोजशहा मेहता नावाचा सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उभा राहिला आणि त्याने श्रोत्यांना मुळीच न रुचणारी गोष्ट सांगितली. तिचा मथितार्थ असा : कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती राहू द्या, तो समितीत वाटून टाकलात तर दोष कोणाच्याच माथी बसणार नाही. खरे चुकले ते देखरेख करणारे. आणि लोकांनी न निवडलेली माणसे लोकांच्या वतीने हिशेब कशाला मागतील?

सभेला हे पटले नाही. पण पुढे झाले ते बरेचसे त्याच दिशेने. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. मग १८८८ चा कायदा आला. तो अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. त्यातली वाटणी साधी आहे. सभागृहाने धोरण ठरवावे आणि पैसा मंजूर करावा. स्थायी समितीने अंदाजपत्रक आणि मोठी कंत्राटे तपासावी. आयुक्तांनी काम करावे. महापौरांना मान मोठा, पण अंमलाचा अधिकार थोडा. आयुक्तांना नेमते राज्य सरकार. तथापि एकूण सभासदांपैकी पाच-अष्टमांश सभासदांनी तसा ठराव केला, तर सरकारला त्यांना दूर करावेच लागते. पालिकेच्या कंत्राटात ज्याचा हितसंबंध असेल, तो नगरसेवक राहण्यास अपात्र ठरतो. थोडक्यात, खर्च करणारा हात वेगळा आणि हिशेब मागणारे तोंड वेगळे.

मग एवढे असून घोटाळे कसे होतात? २०१६ साली रस्त्यांच्या कामांतील गैरव्यवहाराबद्दल पालिकेनेच पोलिसांत फिर्याद दिली. तेव्हा कंत्राटदारांवर तर गुन्हे दाखल झालेच, पण कामाचा दर्जा तपासायला नेमलेल्या संस्थांची माणसे आणि पालिकेचे अभियंतेही अटकेत गेले. बघा, तपासणारे होते, सभागृहही भरत होते. तरी एवढे घडले. नुसती घडी बसवून भागत नाही, ती रोज वापरावी लागते.

उलट सभागृहच नसले तर काय होते, हेही मुंबईने पाहिले. ७ मार्च २०२२ रोजी सभासदांची मुदत संपली. मुदतीपूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे राज्यघटना सांगते. पण आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकले आणि जवळजवळ चार वर्षे आयुक्तच प्रशासक राहिले. म्हणजे अंदाजपत्रक मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच! २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होते. एवढ्या रकमेवर सभागृहात उठून एक प्रश्न विचारणारा सभासद नव्हता. माणूस कितीही सचोटीचा असो, आपल्याच हिशेबावर आपणच सही करणे हा कारभार नव्हे. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी २२७ जागांसाठी मतदान झाले.

सभागृह आले, तरी आपले काम मतपेटीपाशी संपत नाही. आपल्या रस्त्याचे कंत्राट कोणाला दिले, किती रकमेला दिले, हमीची मुदत कधी संपते, हे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली कोणाही नागरिकाला विचारता येते. हमीच्या मुदतीत रस्ता उखडला, तर त्याची दुरुस्ती कंत्राटदाराने पदरमोड करून करायची असते. ती तारीख हाती असली की कचेरीतली टोलवाटोलवी बरीच थांबते. काम रखडले तर आयुक्तांच्या खात्याला विचारावे. पैसा भलतीकडे मंजूर झाला तर नगरसेवकाला विचारावे. आणि त्याने सभागृहात तोंड उघडले का, याची नोंद पाच वर्षे ठेवावी. १८७१ साली कर भरणाऱ्यांनी हिशेब मागितला म्हणून मुंबईला मताचा हक्क मिळाला. तो मागणे सोडले, तर हक्क कागदावर राहील आणि खड्डा रस्त्यावर.