जुना कॅल्क्युलेटर नव्या कॉम्प्युटरला जोडताना

घरातला रेडिओ बिघडला तर फक्त रेडिओ जातो. परंतु ज्या यंत्रात एखाद्याने आपले डोके चालवून काही लिहून ठेवले आहे, ते यंत्र बंद पडले तर त्याबरोबर त्या माणसाचे कष्टही जातात. आलेख काढणारा कॅल्क्युलेटर, म्हणजे ग्राफिंग कॅल्क्युलेटर, हे असेच यंत्र आहे. तो आपल्या घरात फार दिसत नाही. पण ज्याच्या हाती येतो त्याच्यापुढे एक दिवस हाच प्रश्न उभा राहतो, की यातले आतले बाहेर कसे काढायचे? त्याची माहिती वाचकांना व्हावी म्हणून हा लेख.

हे यंत्र काय आहे?

दुकानाच्या गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर बेरीज-वजाबाकी करतो. कॉलेजच्या मुलांकडचा सायन्टिफिक कॅल्क्युलेटर साइन, कॉस आणि लॉग काढतो. ग्राफिंग कॅल्क्युलेटर त्याच्या पुढचा. त्याला समीकरण दिले की छोट्या पडद्यावर त्याचा आलेख उमटतो. शिवाय त्यात आपण स्वतः प्रोग्रॅम लिहून ठेवू शकतो.

बाजारात असा पहिला कॅल्क्युलेटर जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८५ साली आणला. त्याचे नाव एफएक्स-७०००जी. प्रोग्रॅमसाठी त्यात जेमतेम ४२२ अक्षरांची जागा होती आणि बाहेर वायर जोडण्याची सोयच नव्हती. अमेरिकेच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा टीआय-८१ हा १९९० साली आला. त्यालाही वायर जोडता येत नव्हती. पुढे १९९९ मध्ये टीआय-८३ प्लस आणि २००४ मध्ये टीआय-८४ प्लस आला. अमेरिकेतल्या शाळांत ही यंत्रे घरोघर झाली, कारण तिथल्या काही परीक्षांना ती लागत असत. तिकडे शिकून आलेल्यांच्या बॅगेतून किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्यातली काही आपल्याकडे येतात.

कड्यातील एक उदाहरण

कड्यातील एका घरात असा टीआय-८३ प्लस आमच्या पाहण्यात आला. घरातला मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करून रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात त्याला हे यंत्र स्वस्तात मिळाले. लेव्हलच्या रीडिंगवरून उंची काढणे, खोदाईचे घनमीटर काढणे, यासाठी त्याने साइटवरच्या शेडमध्ये रात्री बसून स्वतः प्रोग्रॅम तयार केले. वर्षभर त्यावर काम चालले. मग पडदा फिका पडू लागला आणि त्याला काळजी लागली.

त्याची आई म्हणाली, "आरं, मग वहीत उतरून ठेव की." आईचा सल्ला अगदी बरोबर होता. वायर मिळो न मिळो, पहिली नक्कल कागदावर करावी. मुलाने दोन रात्रीत सगळे प्रोग्रॅम वहीत उतरवले. त्यानंतर आम्ही दोघे कॉम्प्युटरच्या मागे लागलो.

आधी सेल, मग वायर

या यंत्रात चार बारीक पेन्सिल सेल असतात आणि त्यांच्या शेजारी एक चपटा बटण सेल असतो. पेन्सिल सेल काढले तरी बटण सेल आतली आठवण धरून ठेवतो. दोन्ही एकाच वेळी काढले, की साध्या मेमरीतले सर्व प्रोग्रॅम पुसले जातात. म्हणून यंत्र बंद करून पेन्सिल सेल एकेक करून बदलावेत आणि त्या दिवशी बटण सेलला हात लावू नये.

टीआय-८३ प्लसमध्ये 'अर्काइव्ह' नावाची दुसरी जागाही आहे. तिथे ठेवलेले सेल गेले तरी पुसले जात नाही. महत्त्वाचा प्रोग्रॅम आधी तिथे हलवावा. सेल उतरलेले असताना वायर लावू नये. मध्येच यंत्र बंद पडते आणि निष्कारण घोळ होतो.

दोन तारांची बोली

यंत्राच्या खालच्या कडेला एक बारीक गोल भोक असते. ते इअरफोनच्या भोकासारखे दिसते, पण मोबाइलची नेहमीची पिन ३.५ मिलिमीटरची असते आणि हे भोक २.५ मिलिमीटरचे आहे. त्यात दोन तारा आणि एक अर्थ असतो.

त्यांचे बोलणे समजायला सोपे आहे. मोंढ्यात गाडीवरचा हमाल खालच्या हमालाच्या पाठीवर पोते देतो, तेव्हा खालच्याने ते नीट घेतल्याशिवाय वरचा हात सोडत नाही. इथेही तसेच. 'शून्य' पाठवायचा तर पाठवणारा एक तार खाली ओढतो, 'एक' पाठवायचा तर दुसरी. घेणारा उरलेली तार ओढून 'मिळाले' असे कळवतो. मग पहिला आपली तार सोडतो, त्यानंतर दुसरा सोडतो, आणि तेव्हाच पुढचे पोते निघते. अशी आठ पोती गेली की एक अक्षर पोचते. काम सावकाश होते पण चोख होते. कोणी मध्येच थांबला तर दुसरा थोडा वेळ वाट पाहतो आणि पडद्यावर 'एरर' लिहून मोकळा होतो.

असा एरर आला की यंत्र बिघडले असे समजू नये. बहुतेक वेळा पिन पूर्ण आत गेलेली नसते. हे भोक घट्ट असते. पिन खटकन बसेपर्यंत दाबावी लागते.

वायर कोणती घ्यावी?

पैसे फुकट जाण्याची जागा हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॅल्क्युलेटरची वायर कॉम्प्युटरला जोडण्यासाठी कंपनीने तीन रंगांच्या केबल काढल्या होत्या.

राखाडी आणि काळी या दोन्ही केबल जुन्या सिरियल पोर्टला लागतात. आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. राखाडी केबलच्या डबीत स्वतःची चिप आहे, त्यामुळे ती यूएसबी-सिरियल अ‍ॅडॉप्टर लावून चालू शकते. काळी केबल मात्र कॉम्प्युटरच्या पोर्टच्या पिना थेट हलवून काम करते, म्हणून ती अ‍ॅडॉप्टरवर चालत नाही. स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

तिसरी चंदेरी केबल. ती सरळ यूएसबीला लागते. टीआय-८३ प्लससाठी हीच उत्तम.

अ‍ॅडॉप्टर घेतानाही चौकशी करावी. काही स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये प्रोलिफिक कंपनीची जुनी किंवा नकली चिप असते आणि नवीन विंडोज ती चालवत नाही. एफटीडीआयची चिप आहे का, असे दुकानात विचारावे. आमच्या या मुलाला एका दुकानदाराने 'सगळ्याला चालतो' म्हणून जो अ‍ॅडॉप्टर दिला, तो लावताच कॉम्प्युटरवर पिवळी खूण आली. वस्तू परत करण्याची बोली आधीच केली होती म्हणून पैसे वाचले.

कड्याला २०२२ साली रेल्वे आली आणि नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, जवळ झाले. पण चंदेरी केबल त्याला तिथेही मिळाली नाही. शेवटी पुण्याच्या एका मित्राने जुन्या सामानातून शोधून पाठवली. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे जाणारे कोणी असेल तर त्याच्याकडे चौकशी करायला सांगावी.

ज्याच्याकडे टीआय-८४ प्लस आहे त्याचे काम सोपे. त्याला वरच्या बाजूला मिनी-यूएसबीचे भोक असते. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची वायर त्याला बसते. आजच्या मोबाइलची टाइप-सी मात्र बसत नाही.

तारा कापून सिरियल पोर्टला स्वतः जोडण्याचा खटाटोप कोणी करू नये. कॅल्क्युलेटर पाच व्होल्टवर बोलतो आणि सिरियल पोर्टवर त्याहून जास्त व्होल्ट असू शकतात. यंत्र कायमचे जाईल.

कॉम्प्युटरमध्ये काय हवे?

टीआय-८४ प्लससाठी कंपनीचा 'टीआय कनेक्ट सीई' हा प्रोग्रॅम फुकट आहे. जुन्या यंत्रांसाठी 'टीलप' नावाचा खुला प्रोग्रॅम आहे. रोमँ लिएवँ या फ्रेंच गृहस्थाने तो सुरू केला. तो विंडोजवर आणि लिनक्सवर चालतो आणि त्यालाही पैसे पडत नाहीत.

टीलप उघडून केबलचा रंग आणि यंत्राचे मॉडेल निवडावे. कॅल्क्युलेटर चालू करून साध्या पडद्यावर ठेवावा. टीआय-८३ प्लसची यादी कॉम्प्युटर स्वतःच मागून घेतो. टीआय-८२ सारख्या जुन्या यंत्राला मात्र 'लिंक' मेनूत जाऊन हाताने पाठवावे लागते. आधी कॉम्प्युटरला घ्यायला बसवायचे आणि मग इकडून सोडायचे. कड्यातील त्या यंत्रातले सगळे प्रोग्रॅम काही मिनिटांत उतरले. नवल नाही, कारण त्याच्या साध्या मेमरीत माणसाला वापरायला मिळते ती जागा सुमारे २४ हजार अक्षरांची. एका वहीत मावेल एवढी.

उतरलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नुसती चिन्हे दिसतात. त्याने घाबरू नये. कॅल्क्युलेटर प्रत्येक आज्ञा पूर्ण शब्दात न लिहिता एका-दोन अंकांच्या खुणेने साठवतो. टीआय कनेक्ट सीईच्या एडिटरमध्ये ती फाइल उघडली की वाचता येणारा मजकूर समोर येतो. तो मजकूर वहीशी ताडून पाहावा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाने हट्ट केला म्हणून असे यंत्र विकत घेऊन देण्याची गरज नाही. आपल्या बारावी बोर्डाच्या परीक्षेत असा कॅल्क्युलेटर चालत नाही, जेईईत चालत नाही, आणि गेटच्या परीक्षेत पडद्यावरच कॅल्क्युलेटर दिलेला असतो. आलेख पाहायचा असेल तर जिओजेब्रा किंवा डेसमॉस हे मोबाइलवर फुकट मिळतात. जे यंत्र घरात आधीच आहे, त्यातले कष्ट वाचवणे एवढाच या खटाटोपाचा हेतू असावा आणि खर्चही तेवढाच करावा.

परंतु ज्या मुलाला यंत्राच्या आत काय चालते याची ओढ आहे, त्याला हे काम जरूर करू द्यावे. दोन तारांनी दोन यंत्रे एकमेकांचे ऐकून कशी घेतात, हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने पाहिले, त्याला पुढे मोठ्या यंत्राची भीती वाटत नाही. उतरवलेल्या प्रोग्रॅमची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक कागदावर ठेवावी. कागदावर तारीख आणि तो प्रोग्रॅम कशासाठी आहे हे मराठीत लिहावे, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणालाही तो वापरता येईल.