सर्पगंधा, खाजकुयली आणि आखडलेली मान

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत जाळीचा देव हे महानुभाव पंथाचं तीर्थस्थान आहे. ‘बाहेरचं’ झालेल्या माणसाला महानुभावांच्या स्थानावर घेऊन जायची रीत महाराष्ट्रात जुनी. व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या अशाच एका मंदिराचा अभ्यास केला. तो १९८७ साली ‘मॅन’ या नियतकालिकात छापून आला. त्यांना आढळलं ते असं, की आजारी असायचा मुलगा किंवा नवरा, आणि अंगात यायचं त्याला घेऊन आलेल्या आईच्या किंवा बायकोच्या. घरच्या माणसावरचं संकट ती आपल्या अंगावर घेऊ बघायची.

देवळाबरोबरच दवाखानाही करायचा, तर जालन्याच्या माणसाला लांब जावं लागत आलं आहे. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नाही. गंमत म्हणजे निजामी अमलात हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय जालन्यातच होतं. पन्नासच्या दशकात ते हैदराबादला, एर्रागड्ड्याला हललं. जालन्याच्या घनसावंगीचे तेव्हाचे आमदार राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्यात ३६५ खाटांचं मनोरुग्णालय मंजूर झालं. म्हणजे जे गेलं ते परत मागायला सत्तरेक वर्षं लागली.

आणि गेलं तेही कोणत्या दशकात! वेडावर खरोखर लागू पडणारी औषधं जगाला त्याच दशकात मिळाली. त्यातल्या एका औषधाची वाट मुंबईवरून जाते.

सर्पगंधेची मुळी वैद्य-हकिमांना शतकानुशतकं ठाऊक होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद या दोन्हींवर ती गुणकारी असल्याचं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा आपला अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, तेव्हा कुठे युरोप-अमेरिकेने कान टवकारले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. रुग्ण शांत होत. पण काहींचे हात थरथरू लागत, चाल आखडे. औषधाने वेड उतरावं आणि कंपवात चढावा, याचा अर्थ तेव्हा कुणाला लागत नव्हता.

तो लागला सशांमुळे. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं आणि ते निपचित पडले. मग एल-डोपा टोचला, तेव्हा थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतला डोपामाइन या रसायनाचा साठा रिता केला होता, एल-डोपाने तो भरून काढला होता. डोपामाइन सरळ देऊन भागत नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही; त्याचा पूर्वावतार असलेला एल-डोपा शिरतो. पुढे व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांना कंपवाताने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामाइनची तूट सापडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

हा एल-डोपा आपल्याकडे बांधाबांधावर लोंबतो. खाजकुयलीची शेंग शाळेतल्या पोरांनी कुणाच्या सदऱ्यात टाकली नाही असं गाव विरळाच. त्या खाजऱ्या शेंगेतल्या बियांत एल-डोपा आहे, हे मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखवलं होतं. १९७८ मध्ये मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत मेंदूविकारतज्ज्ञ नोशिर वाडियाही होते, कंपवाताच्या रुग्णांना बियांची पूड देऊन पाहिली आणि गुण आल्याचं नोंदवलं. म्हणून कुणी परसातल्या बिया वाटून खायला लागू नये. एल-डोपाचं प्रमाण बीगणिक बदलतं, आणि मात्रा चढली की भास व्हायला लागतात. कंपवाताचा रुग्ण थेट वेडाच्या उंबऱ्यावर जातो.

हे असं उलटसुलट का होतं, याचं उत्तर पेशींच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींमध्ये आहे. डोपामाइन सुटं राहून काही करत नाही, त्याला ग्राहीवर जाऊन बसावं लागतं. डी-१ ते डी-५ असे या ग्राहींचे पाच प्रकार. डी-१ आणि डी-५ पेशीला चेतवतात, उरलेले तीन आवर घालतात. १९७५ मध्ये टोरोंटोच्या फिलिप सीमन यांनी दाखवून दिलं, की वेडावरचं औषध डी-२ ग्राहीला जितकं घट्ट धरतं तितका त्याचा कमी डोस पुरतो. मात्र हाच डी-२ हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागातही ठासून भरलेला आहे. गोळीला मेंदूचे विभाग कळत नाहीत.

पेट स्कॅनच्या अभ्यासांतून पुढे आकडे आले. साधारण ६५ टक्के डी-२ ग्राही अडवले की भास-भ्रम ओसरू लागतात. ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की अंग आखडतं, लाळ गळते, चेहरा निर्विकार होतो. औषधाचं सगळं कसब या पट्टीतलं, आणि ही पट्टी माणसागणिक वेगळ्या डोसला सापडते. ती शोधायला पेट स्कॅन लागत नाही. रुग्णाला महिन्या-पंधरवड्याने समोर चालवून बघणारा डॉक्टर लागतो. तो दोनशे-तीनशे किलोमीटरवर असला, की हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने कडक झालेला मुलगा गोळ्या बंद करतो आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडलं नाही. सोबत ट्रायहेक्सीफेनिडिलची छोटी गोळी दिली तर आखडणं बरंच सुटतं. पण ती वेळेवर लिहून देणाराही जवळ असावा लागतो.

डी-२ अडवणारी औषधं केवळ मनोविकारांत दिली जातात असंही नाही. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड त्यातलंच. एखाद्या तरण्या मुलीला उलट्यांसाठी त्याचं इंजेक्शन मिळावं, आणि तासाभरात तिची मान मागे वळावी, डोळे वर चढावेत, जीभ बाहेर यावी. बघणाऱ्याला ‘बाहेरचं’ झालंय याखेरीज दुसरं काय वाटणार? खरं तर प्रोमेथाझिनच्या एका सुईने मान बऱ्याचदा काही मिनिटांत सरळ होते. म्हाताऱ्यांचं दुखणं याहून चोरपावलांचं. आम्लपित्तासाठी मिळणाऱ्या कित्येक जोडगोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं, तेही डी-२ अडवणारं. महिनोन् महिने ती कॅप्सूल चालू राहते आणि आजोबांचा हात थरथरू लागतो. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी हे वारंवार लिहिलं आहे. कंपवाताचं निदान करण्याआधी औषधांची पिशवी टेबलावर उपडी करून पाहावी, हा सल्ला म्हणूनच मोलाचा. दोषी गोळी थांबवली की बहुतेकांचा कंप काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो.

सत्तर वर्षं स्किझोफ्रेनियावरचं जवळजवळ प्रत्येक नवं औषध या ना त्या तऱ्हेने डी-२ लाच धरत आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलीन-ट्रॉस्पियम या जोडऔषधाला स्किझोफ्रेनियासाठी मान्यता मिळाली. ते डोपामाइनच्या ग्राहींना शिवतच नाही. मेंदूतल्या मस्करिनिक नावाच्या वेगळ्याच ग्राहींना चेतवतं. आणि आखडणं सुटावं म्हणून हॅलोपेरिडॉलच्या जोडीला जी ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी दिली जाते, ती मस्करिनिक ग्राहीच अडवते.