आवाज किती दाबायचा?

कवितावाचन असो की आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आता सगळं मोबाइलवर रेकॉर्ड होतं. फाईल ग्रुपवर जाईना, की आपण दिसेल ते सेटिंग दाबून ती छोटी करतो. कविता पुन्हा वाचता येईल. आजीची ओवी पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणून थोडं गणित समजून घेऊ.

वेव्ह फाईलमध्ये साधारणपणे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. मोनोत २० मिनिटांचे सुमारे १०६ एमबी होतात. तेच ६४ केबीपीएसच्या एमपी-थ्रीत ९.६ एमबी! कारण मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे, कानाला सहसा न जाणवणारे तपशील एमपी-थ्री टाकून देतं. टाकलेलं परत येत नाही. एमपी-थ्रीची पुन्हा वेव्ह केली, तर फाईल नुसती फुगते.

मग निवडायचं काय?

मोनो घ्या. एक माणूस, एक माइक असेल तर स्टिरिओत तीच गोष्ट दोनदा साठते.

बिटरेट ६४ केबीपीएस ऐकण्यापुरता पुरतो. बोलपुस्तकांचं लिब्रिव्हॉक्स १२८ वापरतं. ओपस फॉरमॅट असेल तर ३२लाही बोलणं छान राहतं.

नमुन्यांची संख्या मात्र फार कमी करू नका. जेवढे नमुने, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज टिकतो. ८,००० नमुने घेतले, की ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. साध्या फोनवर ‘स’ की ‘फ’ असा गोंधळ होतो तो यामुळेच. ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते.

मराठीत तर हे जास्तच महत्त्वाचं. ‘हे जग’मधला ज आणि ‘तू जग’मधला ज वेगळा, ‘चार’ आणि ‘चारा’तला च वेगळा. लिपीत हा फरक दिसत नाही, तो फक्त उच्चारात आहे. उद्या कुणी बोलीचा अभ्यास करेल, तेव्हा रेकॉर्डिंग हाच पुरावा असेल.

म्हणून मूळ वेव्ह दोन ठिकाणी जपून ठेवा आणि दाबायची ती प्रत, तीही एकदाच. व्हॉइस नोट आधीच दाबलेली असते. तिची एमपी-थ्री करून आणखी झिजवू नका. मूळ फाईल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मूळ पुसण्याआधी हेडफोन लावून प्रत ऐका. खरं तर, मूळ पुसूच नका.