फोनवरचे बाबा

माळ्यावरच्या खोक्यातून तीस वर्षांपूर्वीचं कार्ट्रिज काढलं, धूळ झटकली, टीव्हीला जोडलं, तरी पडद्यावर काय उमटेल ते एका बटण सेलवर अवलंबून असतं. सुपर निन्टेंडोवरचे लांबलचक रोल-प्लेइंग गेम एका बैठकीत संपत नसत. कुठवर आलो याची नोंद कार्ट्रिजमधल्या चिपवर राहायची आणि तो नाण्याएवढा सेल ती जिवंत ठेवायचा. सेलचं आयुष्य साधारण पंधरा-वीस वर्षांचं. काही त्याहून चिवट निघतात. मग चाळिशीतल्या माणसाला दहाव्या वर्षी आपणच दिलेली नावं वाचायला मिळतात: नायकाचं, त्याच्या तीन सोबत्यांचं, कुत्र्याचं. ‘तुझा आवडता पदार्थ कोणता?’ या प्रश्नाचं तेव्हाचं उत्तरही तिथेच असतं.

हा प्रश्न विचारणाऱ्या गेमचं नाव ‘अर्थबाउंड’. जपानमध्ये तो २७ ऑगस्ट १९९४ रोजी ‘मदर २’ या नावाने आला, अमेरिकेत जून १९९५ मध्ये. महाराष्ट्रात त्या काळी ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे मारिओ आणि कॉन्ट्राच्या आठ-बिटी कॅसेटी; वीज गेली की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे अर्थबाउंड इथे ज्यांना भेटला, त्यांना बहुधा पुढे संगणकावरच.

बालपणीच्या गेमकडे वळणाऱ्या मोठ्यांचं गिऱ्हाईक कंपन्यांनी केव्हाच हेरलं आहे. १९९७ चा ‘फायनल फँटसी ७’ २०२० मध्ये नव्याने घडवला गेला, १९८८ चा ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ २०२४ मध्ये. अर्थबाउंडला असा नवा साज कधी चढला नाही. त्याची गरजही नव्हती, कारण त्यात मोठेपणीच नजरेत भरावं असं बरंच काही पहिल्यापासून दडलेलं होतं.

वरवर कथा सोपी. नेस नावाचा मुलगा डोक्यावर टोपी आणि हातात बेसबॉलची बॅट घेऊन घराबाहेर पडतो. तलवार नाही, किल्ला नाही. जखमेवर उपाय म्हणून हॅम्बर्गर, तोही कधीकधी कचऱ्याच्या डब्यात सापडलेला. गावांची नावं इंग्रजी आकड्यांवरून पाडलेली: ओनेट, टूसन, थ्रीड, फोरसाइड. एका गावावर निळ्या रंगाचं वेड लागलेल्या पंथाचा कब्जा असतो. माणसं गायीसुद्धा निळ्या रंगवतात. लढाईतलं बळ जुन्या रिक्षाच्या मीटरसारखं आकडा-आकडा फिरतं. जीवघेणा घाव बसला तरी काटा शून्यावर येईपर्यंत सवड असते. तेवढ्यात औषध दिलं किंवा शत्रू लोळवला, तर गडी वाचतो. ही युक्ती आजही ताजी वाटते.

खरी गंमत मात्र टेलिफोनची आहे.

गेम सेव्ह करायचा तर फोनपाशी जाऊन बाबांना फोन लावावा लागतो. बाबा विचारपूस करतात, नोंद ठेवतात आणि नेसच्या खात्यात पैसे भरल्याचं सांगतात. ते पैसे एटीएममधून काढायचे. खेळ फार वेळ चालला, तर बाबाच फोन करून जरा विश्रांती घ्यायला सुचवतात. पण ते स्वतः एकदाही समोर येत नाहीत. दहा वर्षांच्या पोराला यात वावगं काही दिसत नाही, बाबा म्हणजे खेळाची एक सोय. तेच पोर पुढे बाप होतं, परगावी नोकरी करतं, रात्री घरी व्हिडिओ कॉल लावतं आणि महिन्याच्या एक तारखेला पैसे पाठवतं. मग त्या संवादांत त्याला वेगळंच काही ऐकू येऊ लागतं.

आईची तऱ्हा वेगळी. नेस फार दिवस घरापासून दूर राहिला की त्याला घरची ओढ लागते, आणि गेममध्ये तो चक्क एक आजार आहे. ऐन लढाईत त्याला आई आठवते आणि त्याची खेळी वाया जाते. यावर हॉस्पिटलात औषध नाही. आईला फोन करणं हाच उपाय. नेसची ताकद वाढत जाते तसतसा हा आजार कमी वेळा जडतो. रोल-प्लेइंग गेममध्ये बळ वाढणं म्हणजे निव्वळ नफा, असा सगळीकडचा हिशेब. इथे त्या हिशेबात काहीतरी वजाही होतं. लहानपणी हे कुणाच्या लक्षात येणार?

हे सुचलं शिगेसातो इतोई यांना. हा माणूस मुळात प्रोग्रामर नव्हे, तर जाहिरातींच्या ओळी आणि गाण्यांचे शब्द लिहिणारा. जॉन लेननच्या ‘मदर’ या गाण्यावरून त्यांनी मालिकेचं नाव ठेवलं, तेही अशा काळात, जेव्हा अनेक गेमच्या नावांत ड्रॅगन नाहीतर योद्धे असत. गेममध्ये मिस्टर सॅटर्न नावाचे नाकाड्या गोळ्यांसारखे जीव आहेत. त्यांच्या बोलण्याची वाकडीतिकडी जपानी अक्षरं इतोईंच्या लहान मुलीच्या हस्ताक्षरावरून घेतली आहेत. आणखी एक योगायोग सांगायलाच हवा. १९८८ च्या ‘माय नेबर टोटोरो’ या जपानी चित्रपटात दोन मुलींच्या वडिलांना आवाज आहे तो याच इतोईंचा.

गेम पुरा होईल की नाही, याचीच एकदा शंका होती. काम काही वर्षं रेंगाळलं तेव्हा मदतीला आले सातोरू इवाता, पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झालेले. आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं लागतील, पाया नव्याने घातला तर सहा महिने, असा हिशेब त्यांनी मांडला. नव्याने मांडणीचा रस्ता धरला गेला आणि गेम वाचला.

इंग्रजी अवतार घडवला मार्कस लिंडब्लॉम यांनी. बारचे कॅफे झाले, हॉस्पिटलच्या पाटीवरचा क्रॉस गेला. याच काळात लिंडब्लॉम यांना मुलगी झाली, आणि तिच्या नावालाही त्यांनी गेममध्ये जागा दिली.

विक्रीची कथा मात्र केविलवाणी. भलंमोठं खोकं, आत मार्गदर्शक पुस्तक, पुस्तकात खरवडून हुंगायची कार्डं आणि गेमला वास मारतो असं स्वतःच सांगणारी जाहिरात. अमेरिकेत जेमतेम १ लाख ४० हजारांच्या आसपास प्रती खपल्या, आणि युरोपात तर गेम पाठवलाच नाही. तेव्हा नाकारलेल्या त्या कार्ट्रिजला आज शेकडो डॉलर मोजावे लागतात.

ज्या मोजक्या मुलांनी तो खेळला, त्यांनी मात्र सोडला नाही. ‘मदर ३’ २००६ मध्ये फक्त जपानीत निघाला, तेव्हा चाहत्यांनीच त्याचं इंग्रजी भाषांतर करून २००८ मध्ये फुकट वाटलं. त्याच मंडळींत वावरलेल्या टोबी फॉक्सने २०१५ मध्ये ‘अंडरटेल’ काढला. त्यात अर्थबाउंडचं रक्त उघड दिसतं. त्याआधीच, २०१३ मध्ये, निन्टेंडोने वी यू यंत्रावर अर्थबाउंड पुन्हा आणला, युरोपात पहिल्यांदाच. २०२२ पासून तो स्विचच्या वर्गणीदारांनाही मिळतो.

नव्या यंत्रांवर नोंद राहायला सेल लागत नाही. जुनं कार्ट्रिज दुरुस्त करणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे: सेल बदलायला डाग सोडवला की जुनी नोंद पुसली जाते. म्हणून काहीजण सेल बदलायचं लांबणीवर टाकतात आणि आहे तो टिकेल तोवर मधूनमधून नुसतीच नावं पाहून येतात.

शेवट आठवत असेल, तर तो पुन्हा पाहण्याजोगा आहे. अंतिम शत्रू गिगस बॅटने हरत नाही. सोबतीण पॉला प्रार्थना करत राहते, दूरदूरची माणसं एकेक करून त्यात सामील होतात, आणि सर्वांत शेवटी खेळणाऱ्याचंच नाव पडद्यावर येतं. ते गेमने आधीच कधीतरी, सहज बोलता बोलता, विचारून ठेवलेलं असतं. मग नेस घरी परततो आणि पात्रपरिचय सुरू होतो. आई, बहीण, कुत्रा, शेजारी, ज्याचं-त्याचं चित्र आपापल्या नावासोबत. बाबांच्या नावापुढे मात्र माणूस नाही. तिथे एक काळा टेलिफोन आहे.