मफलर आणि शीतयंत्र

माझे बालपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेले. तेथे जानेवारीतल्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर येई. शाळेला निघताना आजी बजावी, "मफलर नाकावरून घे रे!" बाहेर पडणारा श्वास लोकर तापवी आणि आत येणारी गार हवा तीच ऊब उचलून घेई. छोट्या शीतयंत्रातील 'रिजनरेटर' नेमके हेच काम करतो, हे मला पुढे पदवीच्या वर्गात उमगले.

स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ साली ही युक्ती योजली. शीतयंत्रात हेलियम वायू मागे-पुढे वाहतो. गार टोकाकडे जाताना तो आपली उष्णता वाटेतल्या जाळीत ठेवतो आणि परतताना घेऊन जातो. ही देवघेव यंत्राच्या प्रत्यक्ष थंडाव्याच्या अनेक पट असते. म्हणून ठेवीतला शंभरावा हिस्सा हरवला, तरी बरीचशी कमाई बुडते.

मग जाळी कशाची घ्यावी? मी छातीठोकपणे तांबे म्हणालो. प्रयोगशाळेत एका काचनळीत तांब्याच्या व दुसरीत स्टेनलेस स्टीलच्या जाळीच्या चकत्या दाबून भरल्या. दोन्ही नळ्यांचे एक टोक गरम पाण्यात, दुसरे बर्फात ठेवले. तांब्याकडचा बर्फ आधी वितळला आणि माझा तोरा उतरला! घनफळाच्या मानाने स्टील तांब्याइतकीच उष्णता साठवते, पण ती गार टोकाकडे सहजासहजी जाऊ देत नाही.

दुसरी कसोटी फुंकरीची. नळीत एकदम गरम हवा सोडावी व पलीकडच्या टोकाचे तापमान टिपावे. ते बराच वेळ थंड राहून मग झपाट्याने चढले, तर जाळी उत्तम. दाबातली घटही मोजावी, कारण फार बारीक जाळी वायूची वाट अडवते.

खरी परीक्षा मात्र खोल थंडीत होते. ८० केल्विनपर्यंत स्टील पुरते. त्याखाली शिसे बरे, पण १० केल्विनच्या सुमारास तेही थकते. डिबायच्या नियमाप्रमाणे अशा थंडीत तापमान निम्मे झाले, की घन पदार्थाची उष्णताधारणा आठपट घटते. १९९० च्या सुमारास जपानी संशोधकांनी अर्बियम आणि निकेल यांचे संयुग वापरले. त्यातील अणूंची चुंबकीय मांडणी त्याच थंडीत विस्कटते आणि विस्कटताना उष्णता शोषते. त्यामुळे ४ केल्विन गाठता आले. आज रुग्णालयांतील एम.आर.आय. यंत्रांचा द्रव हेलियम उडून जाऊ नये, म्हणून अशी शीतयंत्रे राबतात. आपण हेलियम बहुतांशी परदेशातून आणतो, हे लक्षात घेता त्यांचे मोल कळते.

विद्यार्थी मित्रहो, तक्त्यातला आकडा वापरण्यापूर्वी तो कोणत्या तापमानाचा आहे, एवढे अवश्य पाहा.